दहा बाय बाराची खोली आणि स्पीकरच्या दोन जोड्या

प्रश्न लालबागहून आलाय, थोडक्यात असा. तिसऱ्या मजल्यावरची १० बाय १२ ची खोली. वडिलांनी १९८३ च्या सुमारास बोटीवर नोकरीला असलेल्या ओळखीच्या माणसाकडून घेतलेली थ्री-वे स्पीकरची जोडी (खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांना वेगळी युनिटं: वूफर, मिडरेंज, ट्वीटर), १२ इंची वूफर, खोका बंद, पोर्ट म्हणजे हवा जायचं भोक नाही, मागे मिडरेंज आणि ट्वीटरची पातळी कमी-जास्त करायचे दोन खुंट. शिवाय मुलाने गेल्या वर्षी घेतलेली सव्वापाच इंची वूफरच्या बुकशेल्फ, म्हणजे छोट्या स्पीकरची जोडी, पोर्ट मागच्या बाजूला. ॲम्प्लिफायर एकच. तक्रार अशी की जुने "गोधडीआडून गातात" आणि नवे "स, श वर टोचतात, अर्ध्या तासात डोकं चढतं". पुढची विचारणा: जुन्यांचे कंडेन्सर बदलू, नव्यांचा क्रॉसओव्हर (स्वर वाटून एकेका युनिटला देणारं सर्किट) बदलू, की सरळ इक्वलायझर (स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणारं यंत्र) घेऊ?

तिन्ही नको. निदान पहिल्या दोन रविवारी तरी सोल्डरिंग आयर्न गरम करू नका. गिरगावात माझी कार्यशाळा आहे, तीस वर्षांत शेकडो खोकी उघडून बंद केली. त्यात मला कळलेलं इतकंच की आजारी स्पीकरला ट्यून करता येत नाही. आधी त्याचं दुखणं काढायचं, मग त्याला खोलीत नीट बसवायचं, आणि तुमच्या जिभेचं मीठ सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात. मीठ आधी, आणि मग भाजी कच्ची का म्हणून विचारतात.

जुन्यांपासून सुरुवात करू. जाळी काढा आणि वूफरच्या कडेच्या वळीला हळूच बोट लावा. बोटाला चिकट काळा भुगा लागला तर तो फोम गेला. हा पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, वाजवला काय आणि माळ्यावर ठेवला काय. मुंबईच्या हवेत पंधरा-वीस वर्षं त्याला पुष्कळ झाली. १९८३ ची कड अजून शाबूत असेल तर ती रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची असणार, नाहीतर मधे कुणीतरी बदललेली. फोम बदलणं हे काम अवघड नाही, नाजूक आहे. नवी कड चिकटवताना व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, चुंबकाच्या फटीत मधोमध राहिली पाहिजे. त्यासाठी डस्ट कॅप, म्हणजे मधली टोपी, काढून आत फिल्मच्या पातळ पट्ट्या खोचतात. काही जण पट्ट्यांऐवजी अंदाजावर चिकटवतात, आणि मग गिऱ्हाईक महिन्याने खरखर घेऊन परत येतं.

कड ठीक असेल तर पुढची तपासणी. दोन्ही हातांची बोटं कोनवर, म्हणजे वूफरच्या शंकूसारख्या पडद्यावर, समोरासमोर टेकवा आणि सारखा दाब देऊन कोन सावकाश आत ढकला. कान जवळ ठेवा. काहीही घासल्याचा आवाज येता कामा नये. आता सोडा. तुमचा खोका बंद जातीचा आहे, म्हणजे एडगर विलचर यांनी १९५४ साली अमेरिकेत एआर (अकौस्टिक रिसर्च) कंपनीतून बाजारात आणलेल्या तत्त्वाचा: आतली कोंडलेली हवा हीच वूफरची स्प्रिंग. अशा खोक्यात कोन दबकत, सावकाश बाहेर येतो. टुणकन परत आला तर हवा कुठूनतरी गळते आहे. डस्ट कॅप, स्क्रूखालची वाळलेली गॅस्केट, खुंटांची भोकं, मागच्या टर्मिनलची पट्टी, या क्रमाने बघा. एका पारशी गृहस्थांच्या खोक्यात मला टर्मिनलच्या भोकातून शिरलेल्या पालीची अंडी सापडली होती. भोक बुजवलं आणि बेस परत आला, दुसरं काहीच केलं नाही.

मग दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. धन टोक लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला, क्षणभर टेकवून काढा. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत. बहुतेकांचे बाहेर येतात. जेबीएलच्या जुन्या युनिटांत मात्र ते आत जातात, ती त्या कंपनीची जुनी रीत, बिघाड नव्हे. महत्त्वाचं हे की दोन्ही सारखे हलावेत. एक आत आणि एक बाहेर गेला तर पूर्वीच्या कुणा मिस्त्रीने आतली वायर उलटी जोडली आहे. त्याने बेस नाहीसा होतो आणि गाणारा समोर न बसता तुमच्या डोक्यात शिरून बसतो. हा प्रयोग सुट्या ट्वीटरवर करू नका.

आता मागचे दोन खुंट. तुमच्या "गोधडी"चं मूळ बहुतेक इथे आहे. आत उघडी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर एक पत्र्याची जीभ सरकते. खाऱ्या हवेत त्या तारेवर थर बसतो, जीभ तिथे टेकते पण वीज जात नाही, आणि ट्वीटर अर्धमेला वाजतो किंवा मुळीच वाजत नाही. ॲम्प्लिफायर बंद करून खुंट वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मागून कॉन्टॅक्ट क्लीनरची फवारणी करा, पुन्हा फिरवा. मग कागदाची सुरळी कानाला लावून प्रत्येक युनिट वेगवेगळं वाजतंय का ते ऐका. एवढ्यावरच बऱ्याच जोड्या जाग्या होतात.

तरीही आवाज मंद असेल तर कंडेन्सर. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये बायपोलर इलेक्ट्रोलायटिक जातीचे कंडेन्सर असतात. वयानुसार त्यांची क्षमता सरकते आणि आतला रोध वाढतो. एक पाय सोडवून मीटरवर मोजा. २० टक्क्यांपेक्षा जास्त सरकला असेल तर बदला, आणि दोन्ही खोक्यांतले जोडीने बदला.

इथे माझीच एक चूक सांगतो. शिवाजी पार्कच्या एका गिऱ्हाइकाच्या जोडीत मी हौसेने सगळे कंडेन्सर काढून उत्तम प्लास्टिक-फिल्मचे टाकले. आठ दिवसांत फोन. म्हणाले, "साहेब, आवाज स्वच्छ झाला, पण बाई गायला लागल्या की मी खोलीबाहेर जातो." कारण साधं होतं. जुन्या इलेक्ट्रोलायटिकला स्वतःचा थोडा रोध असतो, आणि मूळ डिझायनरने तो हिशोबात धरूनच ट्वीटरची पातळी ठरवलेली असते. फिल्म कंडेन्सरला तो रोध जवळपास नाहीच, म्हणून ट्वीटर वर चढला. मी कंडेन्सरच्या रांगेत अर्ध्या ओहमचा, १० वॉटचा सिमेंटचा रेझिस्टन्स टाकला आणि बाई पुन्हा माणसांत आल्या. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की सबंध तंबोरा वेगळा बोलतो, तसलाच हा प्रकार. अर्धा ओहम म्हणजे दोरा केसभर.

दुखणं संपलं. आता खोली. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी मला स्पीकरपेक्षा "१० बाय १२" हीच वाटली.

मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. खोलीच्या त्या लांबीत अर्धी लहर नेमकी बसते ती सुमारे ४८ हर्ट्झची. १० फुटांच्या रुंदीत ५७ ची. छत साडेनऊ फुटांचं असेल तर ६० ची. म्हणजे ४८, ५७ आणि ६०, तीन घुमटे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. त्या पट्ट्यात कुठलाही स्वर आला की खोली स्वतः गाऊ लागते, आणि तुम्हाला वाटतं वूफर ढिला झालाय. त्यातून आपल्या भिंती विटांच्या आणि सिमेंटच्या. अमेरिकेतली पुष्कळ घरं लाकडी सांगाड्याची, वर जिप्समचे पातळ तक्ते. तिथल्या भिंती खालच्या स्वरांना थोड्या लवतात आणि बराचसा बेस गिळतात किंवा बाहेर जाऊ देतात. आपल्या भिंती तो जसाच्या तसा परत फेकतात. तिकडे भरदार वाटणारा खोका इकडे ढबढबतो, यात खोक्याचा दोष थोडाच.

उपाय पैशाचा नाही, पायाचा आहे. लांबीच्या दिशेने ऐकायला बसत असाल तर मागच्या भिंतीला डोकं टेकून बसू नका. भिंतीलगत ४८ चा घुमटा सगळ्यात जोरात असतो. खोलीच्या बरोबर मधोमध बसलात तर तो जवळपास नाहीसा होतो आणि गाणं पोकळ लागतं. दोन्हींच्या मधे, मागच्या भिंतीपासून चार-साडेचार फुटांवर खुर्ची आणून बघा. लालबागच्या खोलीत मधोमध खुर्ची ठेवली तर घरातले काय म्हणतील ते मला माहीत आहे. ऐकण्यापुरती ठेवा, मग उचला. भिंतीला लागून दिवाणच असेल आणि दुसरा इलाज नसेल तर पाठीशी जाड तक्का घेऊन निदान फूटभर पुढे सरका, तेवढ्यानेही फरक पडतो.

स्पीकर कुठे ठेवायचा हे ठरवायची माझी जुनी युक्ती उलटी आहे. स्पीकर खुर्चीवर ठेवतो, म्हणजे जिथे माणूस बसणार तिथे. ठाय लयीतला, बायाँ (डग्गा) चांगला ऐकू येणारा ठेका लावतो आणि स्वतः गुडघ्यांवर बसून समोरच्या भिंतीलगत रांगत जातो. जिथे बायाँ घुमतो पण फुगत नाही, प्रत्येक ठोका सुटा कळतो, तिथे खडूने खूण. मग स्पीकर त्या खुणेवर. गिऱ्हाइकाच्या घरी हे करताना लहान मुलं हसतात, हसू देत.

भिंतीपासूनचं अंतरही बघा. स्पीकरचा तोंडाचा पृष्ठभाग त्याच्या मागच्या भिंतीपासून २ फुटांवर असेल तर भिंतीवरून उलटून आलेली लहर १४० हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला मारते. तिथे पुरुषी आवाजाचा पाया असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज बरोबर इथलाच, १३९ चा. म्हणून काही घरांत गवई अशक्त वाटतो आणि तबलजी पहिलवान. सहा-आठ इंच पुढे-मागे करून बघा, स्पीकरचं मागच्या भिंतीपासूनचं आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर एकसारखं ठेवू नका, आणि जे जमेल त्याची पेन्सिलने जमिनीवर खूण करा.

गोधड्या, पडदे, गाद्या यांबद्दल एकच. त्या वरचे स्वर शोषतात, खालचे नाही. टाइल्सची फरशी आणि काचेच्या सरकत्या खिडक्यांमुळे नव्या स्पीकरांचा जो टोच येतो त्याला स्पीकर आणि खुर्चीच्या मधली एक जाड सतरंजी आणि जाडसर पडदा खरंच उपयोगी पडतो. ढबढबीला त्यांचा उपयोग नाही. उलट सगळीकडे गोधड्या टांगल्या की वरचं मरतं, खालचं तसंच उरतं, आणि खोली बोगद्यासारखी होते. पुस्तकांचं भरलेलं कपाट मागच्या भिंतीला असेल तर नशीबवान आहात. लोखंडी कपाट असेल तर फोनवरून ३० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर सोडा आणि खोलीत फिरा. कपाटाच्या आतली हँगरची कडी, वरच्या सुटकेसचं कुलूप, स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं, खिडकीचा गज, एकेक जण आपापल्या स्वरावर ओळख देईल. माझ्या स्वतःच्या घरी मी दोन दिवस ट्वीटरवर संशय घेतला होता आणि निघाली देवघरातली घंटा.

आता नवे. यांना दुखणं नाही, यांना जागा आणि चव हवी. मागे पोर्ट आहे आणि तुम्ही ते बहुधा शेल्फात, भिंतीला चिकटून ठेवले असतील. पोर्टच्या मागे निदान हातभर मोकळी जागा द्या. जमत नसेल तर एक स्वच्छ पायमोजा गुंडाळून पोर्टात घाला. खालचा बेस थोडा कमी होईल पण आवरला जाईल. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणा. मग स्पीकरचं तोंड थोडं वळवून बघा. स्पीकर थेट नाकावर रोखलेला असेल तर ट्वीटर सर्वात तिखट असतो. दोन्हींचे आस तुमच्या डोक्याच्या मागे फूट-दोन फुटांवर मिळतील इतके उघडा, मग आणखी थोडे. "स" बोथट होतो आणि तानेतले दाणे मात्र कळतात, अशी एक जागा बहुतेक सापडतेच.

तरीही टोचत असेल तर तात्पुरता प्रयोग म्हणून ट्वीटरसमोर टिश्यू पेपरचा एक पदर चिकटवा. हसण्यासारखं काही नाही. यामाहाचा १९७८ चा एनएस-१० जगभरच्या स्टुडिओंत गेला तेव्हा कित्येक इंजिनियरांनी त्याच्या ट्वीटरवर नेमकं हेच केलं होतं. टिश्यूने बरं वाटलं तर कारण ट्वीटरची पातळी. मग कायमचा उपाय करता येतो: ८ ओहमच्या ट्वीटरच्या रांगेत १ ओहमचा रेझिस्टन्स टाकला की तो सुमारे १ डेसिबलने खाली येतो. वॉरंटी संपल्याशिवाय हे करू नका. आणि १ डेसिबलला क्षुल्लक समजू नका, सबंध ट्वीटरच्या पट्ट्यात तो चांगला कळतो.

कधी कधी टोच वाटतो पण खरं कारण वेगळं असतं: खालचा आधार कमी. अरुंद खोक्यातून वरचे स्वर फक्त पुढे जातात आणि खालचे चहूकडे पसरतात. तुमच्या साधारण ८ इंच रुंद खोक्यात हा बदल ५५०-६०० हर्ट्झच्या आसपास होतो. डिझायनर क्रॉसओव्हरमध्ये त्याची भरपाई करतो, पण किती करायची हे तो स्पीकर भिंतीजवळ असेल की मोकळ्यावर, या त्याच्या अंदाजावर ठरतं. म्हणून एकच स्पीकर शेल्फात जाडा आणि स्टँडवर किडकिडीत वाटतो. बीबीसीने १९७० च्या दशकात फिरत्या प्रक्षेपण गाड्यांसाठी केलेला एलएस३/५ए हा इवलासा खोका बघा. खोल बेस त्याला जमणं शक्यच नव्हतं, म्हणून वरच्या बेसमध्ये थोडा उंचवटा ठेवला, आणि माणसाचा आवाज असा उतरवला की लोक आजही त्याच्यावर जीव टाकतात. सगळे स्वर सारख्याच जोरात हवेत म्हणणाऱ्या सपाट आलेखाच्या भक्तांना मी तोच ऐकवतो.

इक्वलायझर शेवटी. तोही वाईट नाही, फक्त त्याला कामं नेमून द्या. यूएसबी मापनमाइक आणि रूम ईक्यू विझर्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, बसायच्या जागेभोवती पाच-सहा ठिकाणी मोजा. ३०० हर्ट्झच्या खाली जे घुमटे सगळ्या मोजण्यांत दिसतात तेवढेच कापा, तुमच्या बाबतीत ४८ चा आणि ५७-६० चा जोड. खड्डे भरू नका. लहरी एकमेकींना मारून झालेला खड्डा जोर लावून भरत नाही, फक्त ॲम्प्लिफायर तापतो. ३०० च्या वर आलेख कितीही दातेरी दिसला तरी बारीकसारीक दुरुस्त्यांचा मोह टाळा, तिथे फार तर एक हलका उतार द्या. खोलीत मोजलेला आलेख डावीकडून उजवीकडे थोडा उतरता असावा. सपाट केलात तर कर्कश लागतो, हे माझ्या पुष्कळ इंजिनियर गिऱ्हाइकांनी स्वतःच्या कानांनी सिद्ध केलंय.

चव कशावर पाहायची? चाचणी म्हणून परदेशी ऑडिओफाइल तबकड्या लावू नका, रोजचं ऐकणं लावा. मी तीन गोष्टी वापरतो. नुसता तंबोरा: खर्जाची तार आणि जोडाच्या तारा एकाच वाद्यातून आल्या पाहिजेत. खर्ज वूफरमधून आणि जवारीची झणझण ट्वीटरमधून सुटी ऐकू आली तर दोन युनिटांचा सांधा बिघडलाय. दुसरं, दायाँ, म्हणजे तबल्याच्या जोडीतला उजवा. शाईमुळे तबल्याचे वरचे स्वर पूर्णांकाच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं. म्हणून "तिं"ला स्वर आहे, नुसता ठोका नाही, आणि मिडरेंज चुकला की तो स्वर सगळ्यात आधी पत्र्याचा होतो. तिसरं, ओळखीच्या माणसाचं नुसतं बोलणं. फोनवर आईचा आवाज रेकॉर्ड करून लावा. आई आईसारखी वाटली पाहिजे.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी फोनच्या मीटरवर सारखी करून घ्या, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. तुमचे जुने १२ इंची तेवढ्याच वॉटला नव्यांपेक्षा सहज ४-५ डेसिबल मोठे वाजत असतील. आणि ज्या पातळीला रोज ऐकता त्याच पातळीला ट्यून करा. रात्री १० नंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, भिंतीपलीकडच्या आजींची त्याहून कमी. इतक्या हळू आवाजात माणसाचा कान बेस कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते १९३३ सालीच मोजलं. ॲम्प्लिफायरवर लाउडनेसचं, म्हणजे हळू आवाजात बेस वाढवणारं बटण असेल तर रात्री ते बिनधास्त दाबा. ज्यांना ते पाप वाटतं त्यांना स्वतंत्र बंगला असतो.

वायरीबद्दल विचारलं नाहीत, तरी पुढे विचारालच. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर. ५ मीटरच्या जोडवायरीचा जाऊन-येऊन रोध ०.०८ ओहमसुद्धा भरत नाही. विषय संपला.

माझा कल विचाराल तर दुरुस्त झालेले जुने खोलीत ठेवा आणि संध्याकाळी मोकळेपणाने वाजवा, नवे रात्रीच्या हळू आवाजाला ठेवा. एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा, आणि निदान तीन दिवस ऐकून मगच दुसरा. फोम बदलायला नेणार असाल तर दोन्ही वूफर एकदम न्या आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात नेऊ नका. तेव्हा आम्ही सगळे मांडवांच्या फाटक्या स्पीकरांत बुडालेले असतो. आणि हो, जाळीचं कापड मळलंय म्हणून वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. ते आटतं, आणि तो रंग आता मिळत नाही.